पंचेचाळीस दिवस फोन उचलायचा नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

सासूबाई आल्या. दोन सुटकेस आणि शिवणयंत्र. म्हणजे राहायलाच आल्या. ओढ्यापलीकडे त्यांच्या घराचा सेप्टिक टँक तुंबला आणि घाण न्हाणीघरातल्या टबात वर आली. पलीकडच्या तेवीसही घरांची हीच रड. बार्लोज मिल गावच्या पाणी-सांडपाणी खात्याचा मी बावीस वर्षं मॅनेजर, तेव्हा घाण कुणाचीही असो, बोट माझ्याकडे.

व्हर्ना, म्हणजे बायको, म्हणाली की आई किती दिवस राहील ते आता तुझ्या हातात आहे. एवढं बोलून माझी आरामखुर्ची आईला देऊन टाकली.

संकल्प : चार जुलैच्या आत लिक फोर्क ओढ्यातून सांडपाण्याची लाइन पलीकडे. सासूबाई त्यांच्या घरात. मी माझ्या खुर्चीत.

५ मार्च

लॉनी एस्टेप ऑफिसात येऊन बसला. व्हर्नाचा मामेभाऊ. जमिनीखालून आडवं भोक पाडायचं मशीन घेतल्यापासून गडी जमिनीवर चालत नाही. म्हणे, ओढा उकरू नका, खालून पाइप ओढू, चार दिवसांचं काम. मी सल्ला मागितला नव्हता. चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस, झाल्यापासून हा माणूस न मागता आशीर्वादसुद्धा देतो.

सांगितलं, खालून उंदीर जातात, मी चर खणतो. त्याला लागलं बहुतेक. लागू दे.

१० मार्च

आता फेडरल परवानगी. ओढ्यात किंवा पाणथळीत चर खणायचा तर आधी वॉशिंग्टनच्या माणसांना पूर्वसूचना द्यायची. ओढा आमचा, पाइप आमचा, घाण आमची, आणि हो म्हणणार ते. केंटकीत पाऊस पडायला अजून परवानगी लागत नाही हे नशीब.

फॉर्म अकरा पानी. सहाव्या पानावर प्रश्न : मार्गात पाणथळ जागा आहे काय? असल्यास आखणीचा नकाशा जोडा. स्वतः जाऊन शेत तुडवून आलो. पाय ओले झाले नाहीत. (गमबूट होते, पण तो मुद्दा वेगळा.) लिहिलं : नाही. नकाशाचा प्रश्नच मिटला.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, मग तिथे बेडूक कशात बसून ओरडतात? उत्तर दिलं नाही. अडाण्याशी वाद नको.

१४ मार्च

फॉर्म रजिस्टर पोस्टानं रवाना. आणि नियम वाचता वाचता घबाड सापडलं. पूर्वसूचना दिल्यावर पंचेचाळीस दिवसांत ऑफिसनं काही कळवलं नाही, तर मूकसंमती समजून खुशाल काम सुरू करावं! त्यांच्याच नियमात, त्यांच्याच अक्षरांत. त्याच्यापुढेही दोन परिच्छेद आहेत, बारीक टाइपात. कामाचं तेवढं वाचलं.

कॅलेंडरवर मोजलं : २८ एप्रिल. सरकारी ऑफिस आणि पंचेचाळीस दिवसांत उत्तर? ह्या जन्मात नाही. २९ तारखेसाठी खणायचं मशीन सांगून ठेवलं.

२ एप्रिल

घात. उत्तर द्यायला निघालेत.

घरच्या नंबरावर फोन आला, सासूबाईंनी घेतला. कुणी मिस केसिंजर. फाइलमध्ये काहीतरी कमी आहे, मिस्टर प्रुइटना, म्हणजे मला, फोन करायला सांगा. सासूबाईंनी शिवणाच्या खडूनं तो निरोप पुठ्ठ्यावर लिहिला आणि फ्रिजला लावला. मी काढला, फाडला, शेगडीत घातला. म्हणजे निरोप मला मिळाला नाही. म्हणजे त्यांनी कळवलं नाही. कायदा असा बारकाईनं पाळावा लागतो.

संकल्प : २८ एप्रिलपर्यंत फोन उचलायचा नाही. घरातल्या कुणीच. सासूबाई म्हणाल्या, माझी बहीण आजारी आहे, तिचा फोन आला तर? म्हणालो, पत्र लिहायला सांगा.

९ एप्रिल

पत्र आलं. त्यांच्या बहिणीचं नाही. जाडजूड, फेडरल, पोचपावतीचं. पोस्टमननं पेन पुढे केलं आणि सवयीनं सही होऊन गेली. पाकीट न उघडता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, पंपांच्या कॅटलॉगखाली. न उघडलेलं पत्र म्हणजे न आलेलं पत्र. मन शांत आहे.

जेवताना सासूबाई सांगू लागल्या की पलीकडे त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्या फेरेलच्या अंगणात आता... मी तिथेच थांबवलं. घेवड्याची उसळ आणि कॉर्नब्रेड समोर असताना हे विषय नकोत. व्हर्ना ताट घेऊन आईजवळ जाऊन बसली. टेबलावर मी एकटा. जागा भरपूर.

२२ एप्रिल

बाई स्वतः आली! पांढरी सरकारी गाडी खिडकीतून दिसली आणि मी मागच्या दारानं पंपघरात. एक तास चाळीस मिनिटं. पंपाच्या आवाजानं कान बधिर, गुडघे दुखताहेत. ती पायरीवर सँडविच खात बसली होती. नोकरीत दुसरं काम नाही वाटतं ह्यांना.

जाताना दाराच्या फटीत कार्ड ठेवून गेली. कार्डाला पाकीट नसतं, त्यामुळे न वाचण्यासाठी डोळे मिटून उचलावं लागलं.

२८ एप्रिल

पंचेचाळीस! एकही शब्द माझ्या कानावर आला नाही. संमती मिळाली. ह्याला म्हणतात सरकारशी सरकारच्या भाषेत बोलणं. व्हर्नाला सांगितलं, आईच्या सुटकेस खाली काढ. ती म्हणाली, पाइप पलीकडे दिसू दे आधी. आपल्याच घरात विश्वास नाही, परक्यांचं काय सांगावं.

२९ एप्रिल

मशीन ओढ्यात उतरलं. काठावर डोनट वाटले. छोटं भाषण केलं, त्यात दूरदृष्टी हा शब्द तीनदा आला. वाळूच्या पोत्यांचा बांध, मग चर. दुपारपर्यंत अर्ध्या ओढ्यात. पलीकडच्या काठावर वस्तीतली माणसं जमली होती. टाळ्या वाजवल्या नाहीत, पण पाहत होती. लॉनीही आला होता. एकदा आभाळाकडे, एकदा माझ्याकडे पाहून गेला. जळतो.

१ मे

रात्रभर पाऊस. बांध गेला. चराच्या दोन्ही भिंती आत आल्या आणि शेताचा चिखल ओढ्यातून सरळ खाली. खालच्या वळणावर गावाच्या पिण्याच्या पाण्याचा पंप आहे. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तो मीच बसवला.

सकाळपासून गावभर नळाला चहाच्या रंगाचं पाणी. जाहीर केलं की खनिजं आहेत, अपाय नाही, फक्त उकळून प्या, शक्यतो पिऊ नका. फोन सारखा वाजतोय. न उचलण्याची सवय उपयोगी पडली.

२ मे

काम बंदचा हुकूम. आणायला मिस केसिंजरच. तिशीची पोर, आवाज चढवत नाही. अशांची मला जास्त चीड येते.

तिनं फावडं घेतलं आणि मी कोरडं ठरवलेल्या शेतात तीन ठिकाणी हातभर खणलं. राखाडी माती, आत गंजाचे ठिपके. म्हणाली, मिस्टर प्रुइट, ही माती वर्षातले कित्येक महिने पाण्यात असते, तिला विचारलं असतंत तर तिनं सांगितलं असतं. मी म्हणालो, मी मातीशी बोलत नाही. पाण्यातले बेडूक ओरडत होते. त्यांना वेळकाळ नाही.

मग तिनं पत्राचं विचारलं. पोचपावतीवरची सही दाखवली. माझीच. ड्रॉवर उघडावा लागला. पाकीट तिनंच फोडलं आणि आमच्या खात्याच्या बोर्डाचे अध्यक्ष हॉब्स ह्यांच्यासमोर मोठ्यानं वाचलं. पहिला परिच्छेद : नकाशा नसल्यामुळे पूर्वसूचना अपुरी, पंचेचाळीस दिवसांची मोजणी सुरूच झालेली नाही. हे त्या बारीक टाइपात होतं म्हणे. बारीक टाइप लबाड लोक वापरतात.

मग दुसरा परिच्छेद : "ओढ्यात आणि पाणथळीत माती न टाकता पाइप खालून नेलात, तर आमच्या ह्या परवानगीची गरजच नाही. एक फोन करा, समजावून सांगते."

हॉब्स माझ्याकडे बघत राहिले. मी पंपांचा कॅटलॉग चाळला.

१२ मे

बोर्डाची मीटिंग. लाइनचं काम लॉनीला. मला शिक्षा : बुजवलेल्या काठावर, माती धरून राहावी म्हणून, विलो झाडाच्या चारशे फांद्या लावायच्या आणि किती जगल्या ह्याचा अहवाल पाच वर्षं पाठवायचा. काठ नेमका सासूबाईंच्या कुंपणाला लागून. मॅनेजरची खुर्ची तूर्त हॉब्सच्या पुतण्याकडे. तूर्त हा शब्द मी मिनिट्समध्ये लिहून घेतला.

माझ्या बाजूनं कुणी बोललं नाही. व्हर्ना आईशेजारी बसली होती. बावीस वर्षं ह्या गावाची घाण वाहिली, त्याचे हे पांग फेडले.

संकल्प : अपील करायचं. सोमवारी.

५ जून

लॉनीचं भोक पलीकडे निघालं. चार दिवस. ओढ्यातल्या माशाला पत्ता लागला नाही. नशीब एकेकाचं. खडक लागला असता म्हणजे कळलं असतं.

अपील सोमवारी.

१४ जून

सासूबाई गेल्या. सामान लॉनीच्या ट्रकमधून. मी उचलू लागलो तर म्हणाल्या, राहू दे, तुझे गुडघे दुखतात. टोमणा होता की काय, समजलं नाही. व्हर्ना दोन दिवस तिकडेच राहणार, घर घासायला. खुर्ची मिळाली. बसून पाहिलं. चार जुलैच्या वीस दिवस आधी! संकल्प पुरा झाला, हे कुणाच्या लक्षात आहे?

२२ जून, रविवार

व्हर्ना अजून तिकडेच. दोन दिवसांचे आठ झाले.

विलो मोजायला गेलो. चारशेपैकी तीनशे बारा जगल्या. मोजताना सासूबाईंनी कुंपणावरून हाक मारली, कॉफी घे म्हणाल्या. म्हटलं, चला, उशिरा का होईना, आभार मानतील. व्हर्ना ओट्याशी होती, वळली नाही.

आभाराला सोपं जावं म्हणून मीच सुरुवात केली. शेवटी लाइन आली ना, म्हणालो, मी विषय लावून धरला नसता तर बोर्ड ढिम्म हललं नसतं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "डेल्मर, साडेतीन महिने तुझ्या घरात जेवले. तुझी लाइन, तुझा फॉर्म, तुझे दिवस, सगळं ऐकलं. ह्या घरात आम्ही कसे राहत होतो, हे एकदा तरी विचारलंस?"

माझ्याकडे उत्तर होतं. त्यांच्या वयाकडे पाहून दिलं नाही. न्हाणीघराकडे गेलो.

टब स्वच्छ घासलेला. तरी अर्ध्या उंचीवर बोटभर रुंदीचा काळा डाग सगळीकडून फिरलेला, घासून घासून तिथलं पांढरं उडालंय. घाण इतकी वर आली असेल असं मला वाटलं नव्हतं. बाजूच्या संडासाची साखळी ओढली. पाणी एका दमात गेलं. पुन्हा ओढली. पुन्हा गेलं. कुठे गुडगुड नाही, वास नाही. लॉनीनं उतार चांगला दिला आहे. हे फक्त इथे लिहितोय.

बाहेर आलो. व्हर्नाला विचारायचं होतं घरी कधी येणार, तेही राहिलं. कॉफी संपवून निघालो.

घरी येऊन मार्चपासूनची ही वही चाळली. नव्हतं विचारलं.