बाळंतिणीची खोली उबदार ठेवा

खुजंद, ४ डिसेंबर १९९५

सौ. हुरमतबीबी यांस,
मुअत्तरचा सप्रेम सलाम, वि. वि.

नातू झाल्याचा निरोप सत्तोर ड्रायव्हरने आणला. आजी झाल्याची बातमी ट्रकवाल्याच्या तोंडून ऐकायची, तीही तो भाड्याची घासाघीस करत असताना, हे माझ्याच नशिबी होतं. फोन मेलेले आहेत, घाटात बर्फ साचून टपाल बंद आहे, सगळं कबूल. पण त्याच्याबरोबर चार ओळी पाठवायला तुमची शाईसुद्धा गोठली होती का? असो. बाळाचं नाक आमच्या घराण्याचं आहे, असं सत्तोर म्हणाला. नाकापुरते मी देवाचे आभार मानले.

चाळीस दिवसांचा चिल्ला संपेपर्यंत बाहेरच्या माणसाने बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असं तुम्ही त्याच्याकरवी कळवलंत. बाहेरचं माणूस म्हणजे कोण, तर जिने मेहरांगेझला जन्म दिला ती! मी छत्तीस वर्षं शाळा चालवली, साहेबलोकांना दारात उभं केलं, आणि आता माझ्याच मुलीच्या दारात मी उभी. रीत तुमची आहे, मान राखते. पाळणा घेऊन चाळिसाव्या दिवशी येईन. पाळण्यावरच्या चादरीचं भरतकाम अर्ध्यावर आलं आहे. डाळिंबाची फुलं घेतली आहेत.

गॅस गेल्यापासून तुमच्याकडे अजून चौरंगाखाली निखारे ठेवून वर रजया ओढून बसतात, असं मेहरांगेझने मागे लिहिलं होतं. ओल्या बाळंतिणीला हे चालायचं नाही. माझी लोखंडी बुखारी धुराड्यासकट पाठवत आहे. कोळसा चांगला लाल झाला की धुराड्याची झडप लावून टाका, नाहीतर ऊब सगळी आभाळाला जाते. खिडक्यांच्या फटींना खळ लावून कागदाच्या पट्ट्या चिकटवा. आमच्या वसतिशाळेत वॉर्डनबाई असंच करायच्या आणि आम्ही मुली गुलाबासारख्या राहायचो. कोळसा महाग आहे, उधळू नका.

जावई दिलशोद रशियातून पैसे पाठवतो की नुसते फोटो? मुलीला माझा पापा. राग मानू नये, आणि मानलाच तर पत्रात लिहावा.
तुमची विहीण,
मुअत्तर

---

१५ डिसेंबर

ती. स्व. मुअत्तर बाईंना,
हुरमतचा सलाम, वि. वि.

बुखारी पोचली. चौघांनी मिळून उतरवली. यांनी धुराडं भिंतीतून बाहेर काढलं आणि वर म्हणाले की विहीणबाईंनी आगगाडीचं इंजिनच पाठवलंय, आता शिटी तेवढी राहिली. पण खोली काय तापली! मी पहिल्यांदा स्वेटर काढून बसले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पट्ट्या चिकटवल्या, झडपही लावते. आम्ही डोंगरातली माणसं अडाणी असू, पण सांगितलेलं कळतं.

बाळाचं नाव सियोवुश ठेवलं. यांच्या आजोबांचं. तुमच्याकडचं नाक असलं तरी नाव आमच्याकडचं राहू दे. फार गुणी आहे. पहिल्या आठवड्यात रडून घर डोक्यावर घ्यायचा, आता दूध पितो आणि झोपतो. शेजारणींना खरं वाटत नाही.

मेहरांगेझचं डोकं मात्र रोज सकाळी ठणकतं. दोनदा उलटी झाली. मला काळजी वाटते, बाई. तुम्ही हसाल, पण बाळंतिणीवर अल्बस्ती बसते हे आमच्या आजीपासून पाहिलंय. पिवळ्या केसांची ती बाई रात्री छातीवर बसते आणि श्वास ओढून घेते. मुलगीही म्हणाली की पहाटे छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. मी तिच्या उशाखाली सुरी आणि कांदा ठेवला आहे. संध्याकाळी हरमळाच्या बिया जाळून दारं घट्ट लावून धूर कोंडते.

आणखी एक वाईट झालं. यांचा लावा पक्षी मेला. थंडी लागेल म्हणून भोपळ्याच्या पिंजऱ्यासकट त्याच खोलीत टांगला होता. सकाळी तळाशी पडलेला. त्याच्या आवाजापायी यांना बाजारात मान होता. दोन दिवस जेवले नाहीत. मी मेले असते तर एक वेळ तरी जेवले असते. यांचं म्हणणं, नजर लागली. मीही तेच म्हणते.

लोभ कमी होऊ देऊ नये.
हुरमत

---

खुजंद, २४ डिसेंबर

हुरमतबीबी यांस,
सलाम, वि. वि.

तुमचं पत्र वाचून माझा रक्तदाब वाढला. अल्बस्ती! माणूस आकाशात जाऊन आला, आणि तुम्ही माझ्या मुलीच्या उशाखाली कांदा ठेवता. तिच्या छातीवर कोण बसलंय ते मी सांगते. घरकाम बसलंय. माझ्या मुलीला तुम्ही तिसऱ्या दिवशी कणकेला लावलं असणार. किंवा मेंढीच्या शेपटीच्या चरबीत तळलेलं खायला घालत असाल. मग डोकं दुखेल नाहीतर काय? तिला गाजराचा रस्सा आणि मोड आलेले मूग द्या. पक्ष्याचं म्हणाल तर म्हातारा झाला असेल. व्याहीबुवांना सांगा, पेन्शनर सगळेच जातात.

आणि सत्तोर मला म्हणाला की तुमच्याकडे दुपारी दार सताड उघडं होतं, बुखारी धगधगत होती. मी काय कबुतरं शेकायला कोळसा पाठवला? वारा लागला तर बाळंतिणीच्या हाडांत आयुष्यभर दुखणं राहतं. झडप लावा म्हटलं तर पूर्ण लावा, अर्धी नाही. जमत नसेल तर तसं लिहा, मी मुलीला घेऊन जाते, चिल्ला गेला चुलीत.

उत्तर लवकर आणि खरं लिहावं. माया मुलीवर आहे, रागही तिच्याचसाठी आहे, एवढं समजून घ्यावं.
मुअत्तर

---

३ जानेवारी १९९६

मुअत्तर बाईंना सलाम, वि. वि.

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं नाही. त्यांना तुमच्याबद्दल आदर आहे, तो राहू दे.

तुमच्या मुलीने या घरात अजून परातीला हात लावलेला नाही. पाणीसुद्धा मी हातात देते. चरबी मी तिला दाखवतही नाही. दार उघडं होतं, कारण त्या दुपारी ती उठताना पडली आणि मला दुसरं काही सुचलं नाही. उचलून अंगणात आणली. तिथे जर्दाळूच्या झाडाखाली बसली, थोड्या वेळात डोळे उघडले, चहा मागितला, हसलीसुद्धा. मग मलाच भीती वाटली. चिल्ल्यात उघड्यावर! पुन्हा आत नेऊन निजवली. तेव्हापासून मी दार उघडलेलं नाही आणि झडप शेवटपर्यंत ओढते. तुमच्या शब्दाबाहेर मी गेले असं कुणी म्हणायला नको.

चेहऱ्यावरून ती आजारी वाटत नाही, हेच कोडं आहे. गाल डाळिंबासारखे लाल झाले आहेत. ओठसुद्धा. बाळही गुलाबी. आता त्याला पाजायला गालावर टिचक्या मारून जागं करावं लागतं.

मुल्लांकडून ताईत आणला आहे. थंडी वाढली. खाली ती दोन ओळी लिहिते म्हणते. लोभ ठेवावा की नाही ते तुम्ही ठरवावं.
हुरमत

आई, सासूबाईंना बोलू नकोस. त्या माझ्यासाठी रात्रभर जागतात. मला फक्त या खोलीत बरं वाटत नाही. अक्षर वाकडं आलं, हात ऐकत नाही. अंगणात बरं वाटलं होतं. चादर झाली का गं? — मेहर

---

खुजंद, ९ जानेवारी

हुरमतबीबी,

हे वाचता वाचता उठा आणि त्या खोलीचं दार उघडा. खिडकीचे कागद फाडा. दोघांना बाहेर काढा, बर्फात काढलंत तरी चालेल. मग पुढचं वाचा.

काल आमच्या गल्लीत एक अख्खं कुटुंब गेलं. नवरा, बायको, सासू. गॅस नाही म्हणून त्यांनीही बुखारी बसवली होती. बायकांची मयतं धुवायला मी गेले होते. चादर काढली, तर मेलेल्या बाईचे गाल लाल होते. ओठ लाल. मी पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले आणि मला तुमचं पत्र आठवलं.

तिथे आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, कोळसा धुमसत असताना झडप लावली की विषारी वायू खोलीतच राहतो. त्याला वास नसतो. वॉर्डनबाई झडप लावायच्या ती सगळी राख झाल्यावरच असणार. आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. अल्बस्ती नाही, नजर नाही, तुमची चरबी नाही. माझी बुखारी आहे. अंगणात फेकून द्या. चौरंगाखालचे निखारेसुद्धा नकोत. रजया द्या, कुशीत घ्या. डॉक्टर बोलवा.

सत्तोर आत्ता निघतो आहे, पुढे बसायला जागा नाही. मी उद्याच्या गाडीने येते, चिल्ला असो नसो. त्याला मी एवढंच सांगितलंय की पत्र हातात द्यायचं आणि समोर वाचायला लावायचं. बाकी काही बोलले नाही. आपल्या दोन घरांच्या गोष्टी ट्रकच्या अड्ड्यावर व्हायला नकोत.

मी तुम्हाला जे जे बोलले ते परत घेते. आधी दार उघडा.
मुअत्तर

---

१० जानेवारी, संध्याकाळ

मुअत्तर बाईंना,
हुरमतचा सप्रेम सलाम, वि. वि.

सत्तोर पहाटे निघणार, म्हणून आजच लिहून ठेवते. उजाडताना कुंपणावरून देईन.

तो दिवे लागल्यावर आला. फाटकाशी उभा राहून ओरडत होता की बाईंचं पत्र आहे, आत्ताच्या आत्ता वाचा. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुला बायकापोरं आहेत ना? चिल्ल्याच्या घरात अंधार पडल्यावर बाहेरची वस्तू घेतात का कधी? बाहेरच्या वस्तूबरोबर काय काय आत येतं, ते तुझ्या आईला विचार. आत काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, बाईंनी सांगितलं नाही, पण तोंड वाईट होतं. तुमचं तोंड मी आता ओळखते, बाई. मनातल्या मनात हसले. पत्र ओट्यावर दगडाखाली ठेवायला लावलं. सकाळी उन्हं आली की वाचीन. जे काही रागाचं असेल ते एक रात्र गार होऊ दे.

तुम्हाला बरं वाटेल असं सांगते. मेहरांगेझ आज डोकं दुखतं म्हणाली नाही. दुपारपासून शांत झोपली आहे. सियोवुशही आज एकदासुद्धा रडला नाही. फार गारठा पडला आहे, अंगणातली बादली तळापर्यंत गोठली, म्हणून कोळसा जास्त घातला आणि दाराच्या फटीत माझी शाल कोंबली. तिला एकटी ठेवायची नाही, म्हणून आज मीही इथेच अंथरूण घातलं आहे. हे लिहिताना माझंही डोकं जड झालंय. थकवा असेल. पण खोली इतकी छान उबली आहे की तुम्ही पाहिली असती तर एकदा तरी मला चांगलं म्हटलं असतं.

झडप आत्ताच लावली. पूर्ण.

मागचं मनात धरू नये. आमच्यावर माया असू द्यावी.
तुमची,
हुरमत