सूचकाची सही

नाना,

मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर गोड गोड आठवणींत राहून जाईल. आज तीन वाजेपर्यंत मला उमेदवारी अर्ज भरायचा आहे. जागा तुमचीच, पक्षही तुमचाच, आणि पोस्टरवर माझ्यापेक्षा तुमचा हार घातलेला फोटो मोठा. खाली गाड्या लागल्यात, ढोलवाले आलेत. माझ्यासमोर टेबलावर अर्ज आहे आणि त्यावर सूचक म्हणून आपल्या जिनिंगच्या जुन्या मुकादमाची सही आहे, डाव्या हाताने केलेली, वाकडीतिकडी. कार्यकर्त्यांचं डोकं! "नानांचा जुना माणूस, ताई. फोटो झकास येईल." त्यांना काय ठाऊक? 

तुम्ही पिंपळनेरकडच्या बाजारांत स्कूटरवर फिरून कापूस घेणारे. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचात, डोळे मिटायचात आणि ओल किती ते सांगायचात. मग शिंदखेड्याच्या रस्त्याला कापसातून सरकी काढायचं जिनिंग टाकलंत, मग बाजार समिती, मग आमदारकी, तीही दोनदा. आमदार झाल्यावर माणसांच्या खांद्यावर हात ठेवायचात तोही तसाच, आतून ओला की कोरडा ते बघत. लोक म्हणायचे, नाना फार मायाळू. मी आईला म्हणायचे, नाना माल तपासताहेत. आई हसायची आणि वर मलाच ओरडायची.

एका दसऱ्याला, मी आठ-नऊ वर्षांची असेन, यंत्रांच्या पूजेला घरून पेटती अगरबत्ती घेऊन मी जिनिंगच्या फाटकातून आत शिरले. तुम्ही धावत येऊन ती हिसकावलीत, पायाखाली चिरडलीत आणि सगळ्यांदेखत गरजलात, "इथं देवालासुद्धा विस्तव नाही!" आपल्याकडे यंत्राला हळद-कुंकू, फुलं, नारळ. दिवा नाही, धूप नाही. कामावर येणारा फाटकावर काडेपेटी ठेवूनच आत येणार. जिनिंगच्या माणसाला चोर म्हटलं तर तो एकवेळ हसून सोडून देईल, पण हा आत बिडी ओढतो असं कोणी म्हटलं की त्याची भाकरीच गेली. हे मला तुम्हीच शिकवलंत, चांगलं रडवून.

तुमची आमदारकीची पहिली निवडणूक. तुम्ही प्रचारात, दादा शिकायला पुण्याला, म्हणून जिनिंगवर मी, नुकती बी.कॉम. झालेली आणि नाकाच्या शेंड्यावर राग. एका सकाळी कापसातून खडा आला, रोलरवर ठिणगी उडाली. लगेच विझवली. पण तशा दिवशी बांधलेल्या कापसाच्या गाठीच्या पोटात विस्तव राहू शकतो. दोन-तीन दिवस आतल्या आत धुमसतो, वर ना धूर ना ऊब. म्हणून त्या गाठी आठ दिवस उघड्या आवारात, एकमेकींपासून लांब ठेवायच्या. मुकादमाने तशाच ठेवल्या होत्या. आणि त्याच आवारात तुमची सभा ठरली, मोठे नेते येणार, मंडपवाले बांबू घेऊन उभे. मी म्हणाले, गाठी गोदामात टाका.

"ताई, ऐक मनं. आठ दिन बाहेरच राहू दे त्या."

"मग सभा काय गोदामात घेऊ? टाका म्हणते ना!"

सभेच्या आदल्या दुपारी गोदाम पेटलं. मुकादम आत शिरला, दोन हमालांना ओढून बाहेर आणलं. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. सभा झालीच. काळ्या पडलेल्या भिंतीपुढे उभं राहून तुम्ही म्हणालात, "माझ्याच मुकादमाने बिडी ओढली. मी त्याला काढून टाकलं. माझ्याकडे जवळच्यालाही माफी नाही." काय टाळ्या पडल्या, नाना! मी पहिल्याच रांगेत बसले होते. तंबाखू खाणारा माणूस तो, बिडी कधी ओठाला लावली नव्हती. जळगाव ते धुळे, एकाही जिनिंगने त्याला फाटकाच्या आत घेतलं नाही. नशिराबादला हायवेवरच्या ढाब्यावर त्याने कितीतरी वर्षं भांडी घासली. तुम्ही मुंबईला गेलात.

आज सकाळी मी त्याच्याकडे गेले. आता तो गावातच असतो, थकलाय. बायकोने चहा ठेवला. मी सरळ विचारलं, "भाऊ, तुम्ही सही का केलीत?"

तो तंबाखू मळत म्हणाला, "तुना बाप वाईट मानूस नव्हता, ताई. त्याले कोनी तरी खोटं सांगितलं व्हई. इतला वरीस मी तेच म्हनस."

 मी चहा पूर्ण प्यायले आणि छान झालाय म्हणून उठले.

नाना, मी जवळच्या लोकांना आणि स्वतःलाही इतकी वर्षं हेच सांगत आले की निवडणुकीसाठी तुम्ही त्या माणसाचा बळी दिलात आणि मला गप्प बसवलंत. तुम्ही मला गप्प बसवलं नाहीत. तुम्ही प्रचाराच्या गाडीतून उतरून धावत आलात आणि विचारलंत, "कशाने लागली?" तुमचा चेहरा पाहिला आणि मी म्हणाले, "मुकादम बिडी ओढत होता." एवढंच. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. पंधरा वर्षं तो तुमच्या हाताखाली होता, त्याला एकदा तरी विचारायचं होतंत! माझा राग आहे तो यावर, की तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

इथवर लिहून मी पेन ठेवलं आणि त्याला फोन लावला. सगळं सांगायचं, मग सही ठेवायची की नाही ते त्याने ठरवायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. त्याने लगेच उचलला. "बोल, ताई."

मी म्हणाले, "भाऊ, गाडी पाठवतेय, वेळेवर या. आणि फोटो काढायचेत, तेव्हा लांब बाह्यांचा सदरा घाला."