सहा उंदीर, कोटी वेळा

३ जून
आजपासून रोजनिशी. उद्या कोणी चरित्र लिहायचं म्हटलं तर अडायला नको.
माझ्या प्रयोगात औषध दिलेले तीन उंदीर, न दिलेले तीन. औषधवाले तिघेही भुलभुलैयातून आधी सुटले! हा योगायोग नाही, एवढंच कॉम्प्युटरने दाखवायचं. उंदरांची लेबलं पत्त्यांसारखी पुन्हा पुन्हा पिसायची आणि असा निकाल नुसत्या नशिबाने कितीदा लागतो ते मोजायचं. शंभरात पाचापेक्षा कमी आला की पेपर. पेपर आला की नोकरी कायम. मुदत महिनाअखेर.
उंदीर मुळात चोवीस होते. मेहुणीच्या लग्नाला गेलो, पाण्याच्या बाटल्या भरायच्या राहिल्या. चार दिवस दम धरवत नाही त्यांना. सरांना उगाच सांगत बसलो नाही.

४ जून
शंभर वेळा पिसलं. चार!!! बायकोला सांगून टाकलं, नोकरी पक्की. तिने लगेच माहेरी फोन केला.
सर म्हणाले, शंभर फार कमी, किती वेळा पिसायचं ते नीट विचार करून ठरव. केला विचार. हजार.

५ जून
४.६. सर नुसतं ‘हं’ म्हणाले. जळतात.

७ जून
दहा हजार. ५.१. कॉम्प्युटर जुनाट आहे.

११ जून
लाख. ४.९८. आलं की आत! सर म्हणतात काठावर आहे, उंदीर वाढव. म्हणजे पुन्हा पिंजरे, वास, बाटल्या. त्यापेक्षा पिसणं वाढवलेलं काय वाईट? कष्टाला मी कधी भ्यालो नाही.

१५ जून
दहा लाख. ५.०१. आता थेट कोटी. मशीनवर ज्युनिअर चष्मिशीचा प्रोग्राम आठवडाभर चालू होता. बंद करून टाकला. ती उंदरांबद्दल काहीतरी सांगायला आली, म्हटलं मला शिकवू नकोस. रडली. या क्षेत्रात इतकं हळवं असून चालत नाही.

२८ जून
कोटी. ५.००३. बायको विचारते, माहेरी आता काय सांगू? म्हटलं, दोन कोटी होऊ दे.

३० जून
सरांनी विचारलं, उंदीर किती? सांगावं लागलं. त्यांनी चष्मिशीला बोलावलं. ती म्हणाली, सहा उंदरांचे तीन-तीनचे गट वीसच तऱ्हांनी पडतात. त्यातली एक तऱ्हा यांची. विसात एक म्हणजे शंभरात पाच. कितीही पिसा, खरा आकडा पाचच. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग माझी जागा तिला दिली.
बाहेर आल्यावर तिला विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, आले होते दादा, तुम्ही हाकललंत. मग म्हटलं, चालू दे. चहाच्या वेळी सगळे विचारायचे, दादा आज कितीवर पोचले? मी आकडा सांगायचे.
सगळे म्हणजे कोण, विचारलं.
सरच आधी विचारायचे, म्हणाली.