मशीनच्या पाण्याची नवी वाट

आई, परवा रविवारी मी वॉशिंग मशीनचं पाणी जायची वाट बदलली, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. तू होतीस तेव्हा आपल्या घरात मशीन नव्हतं, म्हणून आधी नीट समजावते. के. आर. पुरमच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरामागे धुण्याची छोटी बाल्कनी आहे, मशीन तिथंच. पण आधीच्या भाडेकरूंनी त्याची सांडपाण्याची नळी पॅसेजमधून थेट बाथरूमपर्यंत नेऊन तिथल्या बेसिनच्या काठावर अडकवलेली. धुणं लावलं की आम्ही सगळे ती ओलांडत फिरायचो, त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. मग गेल्या महिन्यात बाबा तिला अडखळले. दाराची चौकट हाती लागली म्हणून पडले नाहीत, पण मनातून हबकले. तेव्हापासून त्यांनी मागं येणंच सोडलं. रोज सकाळी आपली लुंगी स्वतः वाळत घालायची आणि समोरच्या बाल्कनीतल्या अक्कांशी मोडक्या कन्नडमध्ये गप्पा मारायच्या, हे त्यांचं केवढं सुख! आता टीव्हीपुढं बसून म्हणायचे, "इथंच बरं आहे गं."

खरं तर बाल्कनीतच मोरीची जाळी आहे, पाणी तिथं सोडता आलं असतं. प्लंबरला फोन केला की तो म्हणायचा, "नाळे बर्तीनि, मॅडम," आणि त्याचा उद्या काही उगवेना. शेवटी मीच नळी ओढून आणली, जाळीच्या भोकात खुपसली आणि मशीन चालू केलं. तर काय, वरून पाणी भरतंय आणि खालून तसंच चाललंय! बाबा पॅसेजच्या टोकाला येऊन उभे. "अगं, हे पाणी पोटात ठेवतच नाही!" नवरा म्हणाला, "कंपनीला फोन लाव."

आणि मला एकदम आपलं चामराजपेटचं घर दिसलं. नळाला दिवसाआड पाणी. तू उंच स्टुलावरच्या पिंपात रबरी नळी सोडतेस, दुसरं टोक तोंडात धरून ओढतेस, पाणी आलं की टोक खाली हंड्यात. पाणी आपोआप धावतं. मी विचारते, आता थांबवायचं कसं? "टोक वर उचल की स्वल्प!" मी उचलते ते नेमकं तुझ्या अंगावर. "शहाणे, पिंपाच्या वर धर!" तू ओरडतेस, आणि मग हसत हसत पदर पिळतेस.

म्हणजे मशीन बिघडलं नव्हतं, नळीचं टोक तेवढं खाली होतं. मी दुकानातून जाड पाईप आणला, खालचं टोक मोरीत बसवलं, वरचं मशीनमधल्या पाण्याहून उंच ठेवलं, आणि नळी त्यात वरून अडकवली, भोवती हवेला जागा ठेवून. पण पाईप भिंतीला पक्का करेपर्यंत कुणीतरी धरायला हवा होता. "बाबा, धरता का जरा?" ते दारात थांबले. फरशीकडे बघितलं. नळी नव्हती. मग आले, आणि दोन्ही हातांनी पाईप धरून मलाच हुकूम सोडू लागले. "डावीकडे कलतोय. अगं, माझ्याकडे नको बघू, पाईपकडे बघ!"

मशीन भरलं, घुसळलं, आणि मग सगळं फेसाळ पाणी धो धो करत पाईपातून गेलं. फरशीवर थेंब नाही. झालं का नीट म्हणून समोरून अक्कांनी विचारलं, "अण्णा, सरी आयता?" "आयतु, आयतु! नानू माडिदे!" बाबा ओरडले. मीच केलं म्हणे! त्यांनी स्वतःचं स्टूल ओढत आणलं आणि तिथंच ठाण मांडलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, तर एक कबूल करून टाकते. दुसऱ्या दिवशी धुवायला काहीच नव्हतं. मी कपाटातल्या घडी घातलेल्या स्वच्छ चादरी काढून मशीनमध्ये टाकल्या, आणि बाबांना हाक मारली, "वाळत घालायला येता ना?"