चाळीस वेळा 'हो'

९ मार्च
ए वही, जागी आहेस ना? परवा तासभर बोलले आणि तू सगळं गिळून बसलीस! म्हणे हिरव्या खुणेवर बोट ठेवायचं राहिलं. मी ब्याऐंशीची, आणि विसरभोळी तू! मला अक्षर येत नाही म्हणून नातीने ही सोय केली – "आजी, तू बोल, फोन लिहील." बरं, लिही. पाय दुखतायत. एवढंच.

१० मार्च
गल्लीतल्या दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवलाय. इस्त्रीवालीने वाचून दाखवला. एक तारखेपासून बंद! म्हाताऱ्यांनी मोठ्या इस्पितळात जायचं. म्हणजे पूल ओलांडा, मग चढ चढा. तेवढं चालता आलं असतं तर गोळ्या कशाला लागल्या असत्या?

"कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?" मी म्हटलं.

तिने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "आजी, खाली लिहिलंय – पाहणी अहवालावरून. नाव तुमच्या नातीचं आहे."

११ मार्च
झोप नीट नाही. सांगूनच टाकते.

पोरगी दोन वर्षं 'सार्वजनिक धोरण' शिकली. "म्हणजे काय गं?" म्हटलं. म्हणाली, "सरकारने काय करावं ते शोधायचं." ते तर मी ओट्यावर बसून फुकट सांगते!

शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी आमच्याच गल्लीत आली. चाळीस म्हाताऱ्या, सगळ्यांना तेच प्रश्न. 'मोठ्या इस्पितळापर्यंत चालत जाता येतं का?' चाळीसही जणी म्हणाल्या – हो.

कारण आदल्या दिवशी मी घरोघर फिरले होते. "पोर परीक्षेला बसलीय. रडगाणं गायचं नाही. विचारलं की 'हो' म्हणायचं, तिला मार्क पडतील." मला वाटलं, उत्तरं चांगली आली की पोर पास!

पास झालीच. पहिली आली. वर्गातले कुणी बँकेत गेले, कुणी सल्ले विकणाऱ्या कंपनीत. हिला आरोग्य खात्याने घेतलं – याच प्रबंधावर. तोच पुढे दारावरचा अहवाल झाला.

हसू येतं. मग येत नाही.

१२ मार्च
इस्त्रीवाली म्हणते, सांगून टाका तिला.

"आणि तिची नोकरी गेली म्हणजे?"

"आणि त्या चढावर माझ्या सासूचा श्वास गेला म्हणजे? तुमच्याच सांगण्यावरून 'हो' म्हणाली ती."

दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून.

१४ मार्च
केला नातीला फोन. सगळं सांगितलं, खोकत खोकत.

ती म्हणाली, "पहिला 'हो' तुझाच होता, आजी. तेव्हा तू भिंत धरून उभी होतीस. मी पाहिलं होतं. तरी लिहिलं."

"का गं बाई?"

"आकडे छान जुळत होते."

म्हणजे मी एकटी नाही. आम्ही दोघींनी मिळून गल्लीला चढावर धाडलं. दमले. बंद हो आता.

१५ मार्च
तिचा फोन नाही. गुडघा सुजलाय.

१७ मार्च
आली! खांद्याला पिशवी, हातात घड्याळ. अहवाल चुकीचा आहे असं साहेबांना लिहून दिलंन. "मग?" म्हटलं. "म्हणाले, पुन्हा मोजून आणा. तोवर कामावर येऊ नका." सूनबाईने, तिच्या आईने, डोक्याला हात लावला.

उद्यापासून ती प्रत्येकीबरोबर चालणार, इस्पितळाच्या दिशेने, घड्याळ लावून. जी जिथे दमून बसेल तिथे खूण. पहिली मी.

सूनबाईला हाक मारून सांगितलंय, तूही लिहून ठेव, विसरशील – डबा पुलावर पाठव, इस्पितळात नको. तिथवर मी पोचायची नाही. मऊ भात नि दही. दोघींना पुरेल एवढं.