लिग्नाइटची तहान

४ जानेवारी १९८८
सांगली सुटली, ठाणं लागलं! वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आज इंजिनिअर म्हणून रुजू झालो, ठाकुर्लीला उन्हाची खोलीही मिळाली. काम झकास आहे, लिग्नाइट सुकवायचं. लिग्नाइट म्हणजे पाण्यानं फुगलेला हलका कोळसा, जळताना नुसता धूर काढणारा. तो पट्ट्यावरून मायक्रोवेव्हच्या बोगद्यात जातो, आतल्या आत तापतो आणि पाणी वाफ होऊन निघून जातं. भट्टी नाही, जाळ नाही. पट्टा सांभाळणारा देवराम खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, बोलका माणूस. माझे पांढरे कपडे बघून म्हणाला, सायेब, शनवारी ही कपरी वलखू येनार नाय. हसलो.

७ जानेवारी
शी! जेवण झालं की देवराम आणि पट्ट्यावरचे सगळे सुकलेल्या ढिगावरच चुळा टाकतात. भाताची शितं, तंबाखू, बेडके, अगदी खाकरून. सुकलेला लिग्नाइट ओल परत ओढतो हे शिकलो होतो, पण हा ढीग थुंकी चाटूनपुसून घेतो, डागसुद्धा उरत नाही. मला डबा खाववला नाही. उद्यापासून थुंकणं बंद. देवराम गयावया करत होता, की ढिगाला सवय लागलीय, एकदम तोडलीत तर कुणाच्या तरी अंगावर येईल. सवय म्हणे!

११ जानेवारी
ढिगात मेलेली घूस सापडली. पापडासारखी कोरडी, उचलताना कडकन मोडली. ढिगावर नळाचं पाणी सोडून पाहिलं. सगळं वाहून गेलं, एक थेंब घेतला नाही. मग देवरामनं न विचारता थुंकून दाखवलं. थुंकी पडली तिथला कोळसा हलला, ओठ हलतात तसा. मी नाक दाबून मागे सरलो. तरी बंदी उठवली नाही. घाण ती घाण.

१३ जानेवारी
अडकलेला पट्टा सोडवताना देवरामचा डावा हात ढिगात गेला. आम्ही ओढून काढला तर मनगटापासून पुढे सुका बोंबील. बोटं एकमेकांना चिकटलेली, रक्ताचा टिपूस नाही. ओढताना कोळशाची भुकटी उडाली ती माझ्या नाकातोंडात गेली. बंदी उठवली. हे आधीच करायला हवं होतं, माझ्या नाजूकपणापायी —

१४ जानेवारी
छातीत काहीतरी चोखतंय. जीभ टाळूला चिकटते, बोटानं सोलून काढावी लागते. तांब्यावर तांब्या पाणी प्यालो. जसंच्या तसं उलटून पडलं. आतल्याला ते नकोय —

१५ जानेवारी
पापणी मिटली की ओरखडते. खाकरलो, तळहातावर काळी भुकटी. ती हलतेय. ओठांसारखी. शी, शी —

१६ जानेवारी
देवराम खोलीवर चौकशीला आला. हात झोळीत. त्याचेच पाय धरले, म्हटलं, माझ्या तोंडात थुंक. बिचारा रडला, पण थुंकला. गरम, पिवळं, तंबाखूचं — किळस — नाही, गोड. छाती शांत झाली.
अजून. अजून —
म्हणतो, तोंड सुकलं, थुंकी संपली. जाऊ द्या म्हणतो. कडी मी लावलीय. त्याचा उजवा हात घामेजलेला आहे, ओला, माझ्या अगदी तोंडापा