न बसवलेल्या मॉड्यूलची परवानगी

प्रति,
मा. साहित्य परवानगी अधिकारी,
बाजारभाव प्रसार कक्ष, बुलडाणा.

विषय : गरज नसलेले मॉड्यूल बसविण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. १२ ऑगस्ट २०१६.

महोदय,

१. खाली सही करणार अर्जदार आपल्या धाड उपकेंद्रात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर संगणक चालक आहे. बाजार समित्यांच्या वेबसाइटवरून भावाची पाने आणून सकाळी फलकावर लावणे, हे त्याचे काम. एकेक पान उघडण्यात सकाळ सरायची, म्हणून त्याने स्क्रिप्ट लिहिली. ती चार मिनिटांत सगळी पाने आणते. अशा कामाला लोक बाहेरून जादा मॉड्यूल, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार प्रोग्रॅम, इंटरनेटवरून उतरवून बसवतात. अर्जदाराने बसवले नाही. पायथन या संगणकभाषेसोबत जे सामान आपसूक येते, तेवढ्यात त्याचे भागले. गुन्हा काय तो एवढाच.

२. साठा तपासणीस श्री. उत्तमराव यांनी मॉड्यूल दाखवा म्हटले. नाही म्हणताच 'मॉड्यूल दडवले' असा शेरा मारला. इतर सर्व केंद्रांनी रीतसर परवानगी घेऊन ते बसवले असता, या एकाच केंद्राचे त्याविना कसे चालते, हे त्यांना पटेना. अर्जदाराने स्क्रिप्ट छापून पुढे ठेवली. त्यांनी कागद मोजले, वाचण्याच्या भानगडीत पडले नाहीत.

३. कक्षाच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने साठा क्रमांक घालतात. त्यासाठी पेंटर कडूबा डबा-ब्रश घेऊन आले. मॉड्यूल सापडेना, तेव्हा दुपारपर्यंत बसून, आल्याचा पुरावा म्हणून पाण्याच्या माठावर क्रमांक घालून गेले. माठावर आधीचा एक क्रमांक होताच. त्याची चौकशी स्वतंत्रपणे सुरू आहे.

४. नोटिशीमुळे स्क्रिप्ट बंद झाली. निर्णय होईपर्यंत हाताने पाने उघडण्यासही मनाई आली. फलकावर चौदा दिवस ११ ऑगस्टचाच भाव आहे. भाजी पिकवणाऱ्या सुभद्राबाई त्याच भावाच्या भरवशावर कोथिंबीर जीपमध्ये घालून बुलडाण्याला गेल्या आणि पडत्या भावात देऊन आल्या. चारचौघांत म्हणाल्या, "बाबू, तुह्या बोर्डापेक्षा येष्टीचा कंडक्टर बरा. त्याले आजचा भाव तं मालूम राह्यते." अर्जदाराला मान वर करवली नाही. फार लाज वाटली.

५. कंत्राट येत्या बुधवारी, ३१ ऑगस्टला संपते, आणि आपल्या ना-हरकतीवाचून मुदतवाढ नाही. सबब विनंती की, अर्जदारास कोणतेही एक मॉड्यूल बसवू द्यावे. कोणते, ते आपण ठरवावे. तो ते बसवील, वापरणार नाही, आणि फलकावर त्या त्या दिवसाचा भाव लागेल. बुधवारपूर्वी परवानगी न मिळाल्यास अर्जदाराच्या जागी दुसरा कोणी येईल. त्याला मॉड्यूलवाचून पाने आणता येणार नाहीत, आणि त्याची परवानगी कक्ष त्याच दिवशी देईल, याबद्दल अर्जदाराला तिळमात्र शंका नाही.

बुधवारपर्यंत आपलाच नम्र,
(सही)
इंद्रभान पुंजाजी सुरडकर
संगणक चालक (कंत्राटी), धाड
दि. २६ ऑगस्ट २०१६